छत्तिसाव्या वर्षी एम.एस्सी. नर्सिंग : कागद, कफ आणि पगार

माझं शिक्षण असं : जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) २००७ साली साताऱ्याला, पोस्ट बेसिक (डिप्लोमावाल्यांसाठीची) बी.एस्सी. २०१४ साली पुण्यात, एम.एस्सी. नर्सिंग २०२४. मधल्या मोकळ्या जागेत लग्न, मुलगी आणि आयसीयूतल्या नाइट ड्यूट्या. जुन्या मैत्रिणी फोन करून विचारतात, "एम.एस्सी. करू का गं? करून मिळतं काय?" प्रत्येकीला पाऊण पाऊण तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. आकडे माझ्या कॉलेजचे आणि माझ्या वर्षांचे आहेत, तुमचे वेगळे निघतील.

जुलै २०२१. कोविडची दुसरी लाट ओसरत होती, आमच्यातल्या चार-पाच जणी दमून नोकरी सोडून गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी सहा नव्या मुली आल्या. इनचार्ज सिस्टरनी त्या तीन दिवसांसाठी माझ्या गळ्यात बांधल्या. दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं सक्शन, म्हणजे श्वासाच्या नळीतला कफ मशीनने ओढून काढणं, दाखवत होते, तर एकीने विचारलं, "सिस्टर, आधी नळीत सलाइन का नाही घालायचं? आम्हाला कॉलेजात घालायला शिकवलंय."

मी म्हटलं, "नाही घालायचं म्हणजे नाही घालायचं."

पूर्वी आम्हीही घालायचो. मग कधीतरी प्रोटोकॉल बदलला, भिंतीवर नवा कागद लागला, आम्ही घालायचं थांबवलं. का ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सात वर्षं त्याच आयसीयूत होते. मॉनिटरकडे न बघता पेशंट बिघडतोय हे कळायचं, पण का कळलं ते सांगता यायचं नाही. डॉक्टरांना फोन केला की "मला बरोबर वाटत नाहीये, तुम्ही या" एवढंच. चांगले डॉक्टर यायचे. बाकीचे म्हणायचे, "व्हायटल्स सांगा, वाटतंय काय ते नको." त्या रात्री घरी येऊन फोनवर सलाइनबद्दल शोधलं, इंग्रजी लेख अर्धवट कळला, आणि माझ्या डोक्यात एम.एस्सी. शिरलं.

नवरा चाकणला कंपनीत, शिफ्ट ड्यूटी. मुलगी सहावीत. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्या नसत्या तर हा लेख इथेच संपला असता. घरी पहिला प्रश्न आला तो बरोबरच होता : नोकरी करत करत नाही का होत? नाही होत. नर्सिंगची एम.एस्सी. दोन वर्षं पूर्ण वेळ असते, घरबसल्या पत्राद्वारे केलेली नर्सिंग कौन्सिल मानत नाही. कुणी "फक्त परीक्षेला या, हजेरी आम्ही बघतो" म्हणालं तर तिथून उठा.

शाखा पाच : मेडिकल सर्जिकल, प्रसूती व स्त्रीरोग, बालरोग, मानसिक आरोग्य, कम्युनिटी. मेडिकल सर्जिकलमध्ये पुन्हा क्रिटिकल केअर, हृदयरोग, कर्करोग, न्यूरो अशा उपशाखा. माझं ठरलेलंच होतं, क्रिटिकल केअर. कौन्सिलचा 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' असाही एक दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यात वर्गापेक्षा आयसीयूतच जास्त घडवतात. तो मला मनापासून हवा होता. पण घर सोडून लांब जावं लागलं असतं, म्हणून राहिला.

ऑगस्टपासून कागद. पात्रता साधी वाटते : बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिकला ५५ टक्के, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, आणि किमान एक वर्षाचा अनुभव. प्रत्येकात एक खड्डा होता. माझं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं, ते २०२० मध्येच संपलेलं. कोविडच्या धबडग्यात माझ्या लक्षातच नव्हतं. लेट फी, आणि त्याआधी सीएनईच्या (नोकरीतल्या नर्सेसनी चालू ठेवायच्या शिक्षणाच्या) प्रमाणपत्रांची शोधाशोध. वर्कशॉपला जाऊन चहा-बिस्किटं खाऊन आणलेली ती प्रमाणपत्रं मी कधीच नीट ठेवली नव्हती. तीन सासूबाईंच्या पोथ्यांच्या पिशवीत सापडली. शिक्षणात सात वर्षांचा खंड, म्हणून शंभराच्या स्टॅम्पपेपरवर गॅपचं प्रतिज्ञापत्र. जात पडताळणी होती, पण माहेरच्या नावाने. लग्नानंतरच्या नावासाठी गॅझेटची प्रत जोडावी लागली. नॉन-क्रिमिलेअर ३१ मार्चला संपतं हे तर दरवर्षी कुणी ना कुणी विसरतंच.

प्रवेशप्रक्रियेचं वेळापत्रक मुद्दाम देत नाही. नियम बदलत राहतात, मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबून दोघींचे फॉर्म गेलेले मी पाहिलेत. त्या वर्षीची माहितीपुस्तिका उतरवून घ्या, प्रिंट काढा, आणि कागदांची यादी असलेलं पान फ्रिजवर चिकटवा. माझ्या फ्रिजवर ते पाच महिने होतं, शेवटी हळदीचे डाग पडून दोन ओळी गेल्या.

राजीनामा द्यायला गेले तर मेट्रन मॅडम म्हणाल्या, "एम.एस्सी. करून सगळ्या कॉलेजातच जातात. बेडजवळ परत कोण येतं?" मी म्हटलं, मी येईन. त्या नुसत्या हसल्या. दोन महिन्यांचा नोटीस पिरियड पूर्ण केला, तरी अनुभवाचा दाखला मिळायला सहा आठवडे गेले. कधी सही करणारे साहेब रजेवर, कधी लेटरहेड संपलेलं. म्हणून सांगते, अनुभवाचा दाखला राजीनाम्याच्या आधी, नोकरीत असतानाच मागून घ्या. तेव्हा तो दोन दिवसांत मिळतो, कारण तुम्ही अजून त्यांच्या रोस्टरवर असता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये वर्ग सुरू झाले. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न खासगी कॉलेज, फी वर्षाला १,२०,०००. पहिल्या वर्षाचे पैसे पीएफमधून काढले. दुसऱ्या वर्षासाठी माझ्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या.

वर्गात आम्ही अकरा जण, नऊ मुली आणि दोन ब्रदर. बहुतेक तेवीस-चोवीसचे, बी.एस्सी. करून वर्षभर कुठेतरी काढून आलेले. मला पहिल्याच दिवशी "ताई" केलं आणि तिसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यातलं खायला लागले. पहिल्या वर्षाला नर्सिंग एज्युकेशन, अॅडव्हान्स्ड नर्सिंग प्रॅक्टिस, रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स, आणि आपली शाखा. पहिले दोन महिने मला रडू यायचं, कारण इंग्रजी. ड्यूटीवरचं इंग्रजी वेगळं, ते औषधांचं आणि हँडओव्हरचं. इथे डोरोथिया ओरेमची सेल्फ-केअर डेफिसिट थिअरी, रॉयचं अॅडॅप्टेशन मॉडेल, आणि चौकटी-बाणांची चित्रं. एका चौकटीतून दुसरीत बाण का जातो यावर आम्ही तासभर बोलायचो. चौदा वर्षं ज्याला मी "पेशंटला उठून बसवणं, स्वतःच्या हाताने दात घासायला लावणं" म्हणत होते, त्याला ओरेमबाईंनी नाव ठेवलंय, हे कळायला मला मे महिना उजाडला. कळलं त्या दिवशी बरं वाटलं. थोडा रागही आला, की हे कुणी आधी मराठीत का सांगितलं नाही.

स्टॅटिस्टिक्समध्ये माझी मास्तरीण माझीच मुलगी. सरासरी आणि मध्यक तिने मला भाजी निवडता निवडता शिकवले, पुढचं वर्गातल्या ब्रदरने.

सगळ्यात अवघड गेलं ते पोस्टिंगवर 'स्टुडंट' होणं. कॉलेजचं संलग्न हॉस्पिटल वेगळं होतं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान स्टाफ म्हणायची, "ए स्टुडंट, ती ट्रॉली घे." मी घ्यायचे. एकदा एक मावशी माझ्या बाजूने भांडली, "अगं, त्या कुणाच्या तरी आई वाटतात!" पण वॉर्डातली घाई अंगावर नसताना, हातात वही घेऊन पेशंटशेजारी नुसतं उभं राहायला मिळणं ही चैन होती. एकाच माणसाचा केस स्टडी तीन दिवस. नोकरीत एका पेशंटकडे सलग वीस मिनिटं बघितल्याचं मला आठवत नाही.

सलाइनचं उत्तरही त्याच वर्षी मिळालं. नळीच्या आतल्या बाजूला जंतूंचा थर बसलेला असतो, सलाइन तो धुऊन खाली फुप्फुसात नेऊ शकतं. कफ पातळ होतो ही समजूतच. घातलेलं सलाइन सगळं परत येत नाही, आणि पेशंटचं ऑक्सिजन खाली जाऊ शकतं. म्हणून दर वेळी रिवाज म्हणून घालायचं नाही. पाच ओळींचं उत्तर, मला त्यासाठी नोकरी सोडावी लागली.

स्कॉलरशिपचं सांगते, कारण पैसा इथेच अडकतो. ओबीसी असल्याने ट्यूशन फीची निम्मी रक्कम मिळणार होती, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज केला, कॉलेजने पुढे पाठवला, मंजूर झाला, आणि पैसे आलेच नाहीत. आठ महिने मी कॉलेजच्या क्लार्ककडे खेटे घालत होते. शेवटी त्यांनीच विचारलं, "आधार कुठल्या खात्याला जोडलंय?" पैसे त्याच खात्यात जातात, फॉर्ममध्ये तुम्ही काहीही लिहा. माझं आधार गॅसच्या सबसिडीसाठी गावाकडे उघडलेल्या खात्याला जोडलेलं होतं, ज्याचं पासबुकही माझ्याकडे नव्हतं. ५२,००० रुपये तिथे गुपचूप पडून होते. दुसऱ्या वर्षाचे तेवढेच आले ते कोर्स संपल्यावर. पुढे ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आला. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ, २०२४-२५ पासून. माझा निकाल त्याच्या तीन महिने आधी लागला होता. आता जाणाऱ्यांनी कॉलेजला हा निर्णय दाखवून आपल्या कोर्सला लागू आहे का ते लेखी विचारून घ्यावं.

सप्टेंबर २०२२ मध्ये सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा आराखडा. आमच्याकडे थीसिसचं एक ठरलेलं नाव असतं : अमुक विषयावरच्या 'स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम'ची परिणामकारकता, तमुक लोकांमध्ये. अमुक आणि तमुक तेवढे भरायचे. मीही तेच केलं, वेगळं काही करण्याची हिंमत नव्हती. पण अमुक माझं होतं : गळ्याला ट्रॅकिओस्टोमीची नळी घेऊन घरी जाणाऱ्या पेशंटचं सक्शन. आणि तमुक म्हणजे त्यांचे नातेवाईक, कारण घरी सक्शन करतात ते तेच. चाळीस जण. आधी बघायचं, मग शिकवायचं, मग परत बघायचं.

पेशंटवरच्या अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडे नोव्हेंबरमध्ये कागद दिले, मंजुरी फेब्रुवारीत आली. मध्ये एकदा परत पाठवले. निरक्षर नातेवाइकासाठी अंगठ्याशेजारी तटस्थ साक्षीदाराची सही लागते, ती जागा मी ठेवली नव्हती. आणि संमतीपत्राचं मराठी. ते मी एका ओळखीच्या गृहस्थांकडून करून घेतलं होतं. त्यांनी लिहिलं, "श्वासनलिकाछेदन झालेल्या रुग्णाच्या कृत्रिम वायुमार्गातील स्रावांचे चूषण". उलट इंग्रजी करायला दिलं त्या शिक्षिकेने 'चूषण'चं 'सकिंग' केलं, तेव्हा माझ्या गाइड मॅडमही हसल्या. मग मीच बसून लिहिलं : "गळ्याला भोक पाडून बसवलेल्या नळीतला कफ मशीनने ओढून काढणे". कमिटीतल्या एकांना ते फार घरगुती वाटलं. वकील सदस्य बाई म्हणाल्या, "मला पहिल्यांदाच कळलं काय करणार आहात ते." पास झालं. संमतीपत्र स्वतः लिहा, आणि वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवा. त्यांना कळलं नाही तर परत लिहा.

मे ते सप्टेंबर २०२३ डेटा कलेक्शन. चाळीसही आठवत नाहीत, पण एक आठवतो. सांगोल्याकडचा, चोवीस वर्षांचा, डाळिंबाची बाग. वडील मोटारसायकलवरून पडले, डोक्याला मार, महिनाभर आयसीयू, आता वॉर्डात, गळ्यात नळी. पहिल्या दिवशी मी फक्त बघणार होते. त्याने सक्शनची नळी आत घातली ती मशीन चालू ठेवूनच, आणि आतच ठेवून फिरवत बसला. वडिलांचा चेहरा जांभळा व्हायला लागला तशी मी वही टाकून पुढे झाले. चेकलिस्टवर त्या वेळी काय खूण करायची ते कुठे लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी शिकवलं. नळी आत जाताना ओढ बंद, बाहेर येताना चालू. नळीची जाडी गळ्यातल्या नळीच्या निम्म्याहून जास्त नको. ओढायचं दहा-पंधरा सेकंद, त्यावर नाही. तो म्हणाला, "सेकंद कसे मोजू? हातात नळी, दुसऱ्या हाताचं बोट ओढ चालू-बंद करायच्या भोकावर." आम्ही नर्सेस वापरतो तीच युक्ती त्याला सांगितली : नळी आत घालताना स्वतःचा श्वास रोखायचा. आपल्याला श्वास हवासा वाटला की पेशंटलाही हवा झालेला असतो, बाहेर काढायची. त्याने करून बघितलं. रोखून धरला, धरला, लाल झाला, सोडला. मग वडिलांकडे बघत राहिला.

"आबांना काल एवढा वेळ असं होत होतं होय," एवढंच बोलला.

नंतर मात्र भराभर शिकला. कफ घट्ट झाला की नळी कशी चोंदते हे सांगायला लागले, तर म्हणाला, "सिस्टर, फवारणीच्या पंपाचं नोझल बी असंच चोंदतंय. दर वेळी पाण्यानं धुवायचं, न्हाई तर दुसऱ्या दिवशी दगड." चोवीसपैकी तेवीस खुणा त्याने मिळवल्या. निघताना त्याने विचारलेला प्रश्न मात्र माझ्या चेकलिस्टमध्ये नव्हता : "रातची लाइट गेली तर?"

बरोबरच होतं. मशीन विजेवर. पायाने दाबून चालवायचा सक्शन पंप मिळतो, तो मी त्याला दाखवला, घेऊन ठेवायला सांगितलं. गाइड मॅडमना म्हटलं, हा मुद्दा चेकलिस्टमध्ये घालू. त्या म्हणाल्या, टूल (म्हणजे ही चेकलिस्ट) तज्ज्ञांनी तपासून मान्य केलंय, थोड्या जणांवर करून बघायचा पायलटही झालाय, आता एक ओळही हलवता येणार नाही. शिफारशींच्या प्रकरणात लिही. तिथे लिहिलं. नियमाने त्यांचंच बरोबर होतं. पण उरलेल्या प्रत्येक नातेवाइकाला मी, वही मिटल्यावर, लाइटचं विचारत राहिले.

निकाल अर्थातच चांगला आला. शिकवल्यावर माणसाला आधीपेक्षा जास्त येतं हे सिद्ध करायला संख्याशास्त्रातली पेअर्ड टी-टेस्ट लागू नये, असं मला अजूनही वाटतं. स्टॅटिस्टिशियन, छपाई, हिरव्या कापडी बायंडिंगच्या प्रती, साहित्यचोरी तपासल्याचं प्रमाणपत्र, येण्याजाण्याचा खर्च, सगळं मिळून ३१,०००. नोव्हेंबरात सबमिट, जानेवारी-फेब्रुवारी २०२४ मध्ये परीक्षा. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरच्या मॅडमनी विचारलं, "तुमच्या अभ्यासाची सर्वांत मोठी मर्यादा?" मी म्हटलं, लोडशेडिंग. त्या दोन सेकंद थांबल्या आणि मग दहा मिनिटं त्यावरच बोलल्या.

निकाल एप्रिलमध्ये. पास होण्यापुरतेच नव्हे, बऱ्यापैकी मार्क होते. त्यानंतर कौन्सिलकडे अतिरिक्त पात्रतेची नोंदणी, ती जूनमध्ये झाली. ती झाल्याशिवाय कुठे नावापुढे एम.एस्सी. लावून अर्ज करू नका, परत येतो.

आता ज्यासाठी फोन येतात तो भाग.

पहिली मुलाखत नर्सिंग कॉलेजची. पद ट्यूटर, पगार २५,०००. मी सोडलेली नोकरी नाइट अलाउन्स धरून ३१,००० ची होती. म्हटलं, चौदा वर्षांचा अनुभव आहे. ते म्हणाले, तो वॉर्डातला. असिस्टंट प्रोफेसर व्हायला एम.एस्सी.नंतर शिकवण्याची तीन वर्षं लागतात, ती आजपासून सुरू होतील. शिवाय मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडे ठेवा म्हणाले. मी उठले. मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका, दाखवा आणि परत घ्या. दुसऱ्या एका कॉलेजातून फोनवरच विचारणा झाली, रोज यायची गरज नाही, नाव कागदावर, कॉलेजची तपासणी असेल त्या दिवशी साडी नेसून यायचं. महिन्याला ८,०००. हे असं चालतं हे ऐकून होते, कानाने ऐकलं तेव्हा खरं वाटलं.

जुन्या हॉस्पिटलात गेले. एम.एस्सी.साठी वेगळं पद नाही, महिन्याला दीड हजार वाढवून देऊ. क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट असं काही आहे का विचारलं, तर एचआरच्या मुलाने ते कागदावर लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून.

सरकारी? एम्ससाठीच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३०, ओबीसीला तीन वर्षं जास्त. मी एकोणचाळिसाव्यात. तिथला मूळ पगार ४४,९०० पासून, पण त्यासाठी बी.एस्सी. पुरते. एम.एस्सी.साठी वय घालवाल तर ते दार बंद होईल, हे तेवीसच्या मुलींना आवर्जून सांगते. राज्यात अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) वेतनश्रेणी ३५,४०० पासून, पुढे परिसेविका (इनचार्ज सिस्टर), अधिसेविका (मेट्रन), आणि शिकवण्याकडे पाठ्यनिर्देशिका (ट्यूटर). आमच्या वर्गातली एक सरकारी सेवेतून अध्ययन रजा घेऊन आली होती. रजा संपली, ती त्याच वॉर्डात, त्याच पदावर, त्याच टेबलाशी परत गेली. पाठ्यनिर्देशिकेच्या पदोन्नतीची वाट बघतेय.

बाकीच्यांचं : पाच जण कॉलेजात ट्यूटर, २२ ते २८ हजारांत. एक आखातात स्टाफ नर्स म्हणून, तिच्या पगारात एम.एस्सी.ला काही किंमत नाही, बी.एस्सी. आणि अनुभवालाच आहे. कम्युनिटीवाली उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी झाली, कंत्राटी, २५,००० आणि कामाप्रमाणे १५,००० पर्यंत वर. तेही बी.एस्सी.वर मिळणारं पद, पण ट्यूटरपेक्षा तीच बरी कमावते आणि रोज माणसांत असते. एक ब्रदर पीएच.डी.च्या तयारीत. एकीने लग्नानंतर सोडलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने म्हटलं होतं की पन्नास खाटांच्या आतल्या खासगी रुग्णालयानेसुद्धा नर्सला २०,००० च्या खाली देऊ नये, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सएवढं द्यावं. आमच्या वर्गाच्या पगारांकडे बघून मला ते नेहमी आठवतं.

मला काम मिळालं ऑगस्ट २०२४ मध्ये, चार महिने आणि सात मुलाखतींनंतर. मोठं खासगी हॉस्पिटल, एनएबीएचचं (रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या मंडळाचं) मानांकन टिकवायचं तर नर्सेसच्या प्रशिक्षणाची नोंद लागते, म्हणून 'नर्स एज्युकेटर' हे पद. ३८,०००, नाइट नाही. मुलाखतीत मी एकच अट घातली, आठवड्यातून एक दिवस मला आयसीयूत बेडला लावा, प्रशासकीय काम नको. नर्सिंग सुपरिंटेंडंट मॅडमना ती अट विचित्र वाटली. गुरुवार दिला. बाकी पाच दिवस मला सगळे "मॅडम" म्हणतात, त्याची अजून सवय नाही. पहिल्या आठवड्यात वॉर्डात कुणी "सिस्टर" हाक मारली की मी वळायचे, आणि बोलावलेलं दुसरीला असायचं.

हिशोब मांडते. फी २,४०,०००, परीक्षा-नोंदणीचं २२,०००, थीसिस ३१,०००, पुस्तकं-युनिफॉर्म-परिषदा १८,०००. एकूण ३,११,०००, त्यातून स्कॉलरशिप १,०४,००० वजा. हातातून गेले २,०७,०००. दोन वर्षांचा बुडालेला पगार ७,४४,०००. महिन्याला सात हजार जास्त मिळतात, म्हणजे भरून यायला अकरा वर्षांहून जास्त, आणि तेही जुन्या जागी पगार वाढलाच नसता असं धरून. नवऱ्याने हा हिशोब डायरीच्या मागच्या पानावर केला, माझ्याकडे बघितलं, आणि डायरी मिटून चहा टाकला. पाटल्या मार्चमध्ये सुटल्या.

इंडक्शनला नव्या मुली येतात तेव्हा सलाइनचा प्रश्न कुणीच विचारत नाही, म्हणून मीच विचारते. मग सगळ्यांना नाक धरून श्वास रोखायला लावते. एखादी हसते, तिला परत.

संमतीपत्रावर संशोधकाचा फोन नंबर द्यावा लागतो. त्या नंबरवर गेल्या दिवाळीत सांगोल्याहून फोन आला. आबांची नळी निघाली, भोकही भरलं, आता बागेत खुर्ची टाकून बसतात आणि पाणी सोडणाऱ्याला शिव्या देतात. "सिस्टर, मशीनचं काय करू? इकू का?" मी म्हटलं, आधी उपकेंद्रात विचार, गावात कुणाला लागत असेल तर. पंधरा दिवसांनी त्याचा मेसेज आला, शेजारच्या गावात एका म्हातारीला दिलं, शिकवूनही आला. पायाचा पंप मात्र त्याने ठेवून घेतलाय, कशासाठी ते सांगितलं नाही.